वाचकांचे प्रश्न : रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया आणि प्रतिजैविकाची वेळ

मागील अंकात पायाच्या बायपास शस्त्रक्रियेविषयी, म्हणजे तुंबलेल्या धमनीला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून देण्याविषयी, लिहिताना ‘छेद घेण्यापूर्वी प्रतिजैविकाचा एक डोस शिरेतून दिला जातो’ असे एक वाक्य मी ओघात लिहून गेलो होतो. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे त्याच वाक्याला धरून आहेत. काहींना आजार नसताना औषध देणे खटकले, तर काहींना एकच डोस फार अपुरा वाटला. दोन्ही शंका रास्त आहेत, म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे याच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या पायाची बायपास शस्त्रक्रिया झाली. त्यांना ताप नव्हता, पायावर जखम नव्हती, रक्ताच्या तपासणीतही जंतुसंसर्गाची काही खूण नव्हती. तरीही त्यांना आधीच प्रतिजैविक का दिले? गरज नसताना प्रतिजैविके घेऊ नयेत असे आपणच या सदरातून वारंवार सांगत आला आहात.

उत्तर : सांगत आलो आहे आणि पुढेही सांगणार आहे. मात्र त्या नियमाला जे मोजके अपवाद आहेत, त्यांत रक्तवाहिन्यांवरील शस्त्रक्रियेचा क्रम फार वरचा आहे. आपल्या त्वचेवर, विशेषतः केसांच्या मुळांशी आणि तैलग्रंथींच्या आत, स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू कायम वस्तीला असतात. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचा जंतुनाशकाने कितीही काळजीपूर्वक पुसली तरी पृष्ठभागावरचे जंतू मरतात आणि खोलवरचे काही उरतातच. छेद घेतला की ते जखमेच्या कडांवर येतात. एरवी आपल्या पांढऱ्या पेशी त्यांचा बंदोबस्त करतात, म्हणूनच साध्या जखमा औषधाशिवाय भरून येतात.

रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेत हे गणित बदलते, कारण तेथे बरेचदा डेक्रॉनची किंवा पीटीएफईची कृत्रिम नळी बसवलेली असते, आणि नळी रुग्णाच्या स्वतःच्या शिरेची असली तरी ती न विरघळणाऱ्या धाग्याने शिवलेली असते. शरीरात परकी वस्तू असली की संसर्गाला किती थोडे जंतू पुरतात, हे एलेक आणि कोनेन यांनी १९५७ मध्ये स्वयंसेवकांवरील प्रयोगातून दाखवले होते. निरोगी त्वचेत पू होण्यासाठी दहा लाखांहून अधिक स्टॅफिलोकोकस टोचावे लागत, पण त्याच जागी रेशमाचा एक टाका असला तर काही शेकडा जंतूही पुरेसे होत. एका टाक्याने एवढा फरक पडतो, तर हातभर लांबीच्या विणलेल्या नळीने किती पडत असेल, याची कल्पना यावरून करता येईल.

अशा पृष्ठभागावर जंतू एकदा चिकटले की ते स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. त्याच्या आत पांढऱ्या पेशी पोचत नाहीत, आणि प्रतिजैविक पोचले तरी तेथील सुस्त जंतूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून ग्राफ्टला, म्हणजे अशा बसवलेल्या नळीला, लागलेला संसर्ग नुसत्या गोळ्यांनी किंवा इंजेक्शनांनी बहुधा बरा होत नाही. पुष्कळदा ती नळी काढून टाकावी लागते, रक्ताला दुसरी वाट करून द्यावी लागते, आणि यात पाय किंवा जीव गमावण्याचा धोका मोठा असतो. शिवणीची जागा जंतूंनी पोखरली तर ती अचानक सुटून प्रचंड रक्तस्राव होऊ शकतो. आपल्या वडिलांना दिलेला तो डोस हे सारे टाळण्यासाठी होता.

या डोसाचा उपयोग होतो हे नुसत्या अनुभवावरून ठरलेले नाही. कैसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पोटातील महाधमनी व पायांच्या धमन्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या ४६२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी केली होती. एका गटाला सेफाझोलिन हे प्रतिजैविक मिळाले आणि दुसऱ्याला औषध नसलेले द्रावण. औषध न मिळालेल्या गटात ६.८ टक्के रुग्णांना संसर्ग झाला, तर सेफाझोलिनच्या गटात ०.९ टक्के रुग्णांना. खुद्द ग्राफ्टला संसर्ग झालेले चारही रुग्ण औषध न मिळालेल्या गटातील होते.

प्रश्न : माझ्या आईची शस्त्रक्रिया सकाळी आठला ठरली होती. वॉर्डातील सिस्टरांनी सव्वासहाला प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले. आधीची तातडीची शस्त्रक्रिया लांबल्यामुळे आईला अकरा वाजता आत नेले. तेथे पुन्हा तेच इंजेक्शन देण्यात आले. ही चूक होती का? दुहेरी डोसाने काही अपाय झाला असेल का?

उत्तर : ती चूक नव्हती. ज्यांनी दुसरे इंजेक्शन दिले त्यांनी आपल्या आईची नीट काळजी घेतली, आणि त्या जादा डोसाने अपाय होण्याचे काही कारण नाही. चूक असलीच तर पहिले इंजेक्शन इतक्या लवकर देण्यात होती.

या प्रश्नावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण कोणते औषध दिले यापेक्षा ते कधी दिले याकडे दुर्लक्ष होताना मी अधिक वेळा पाहिले आहे. जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये गिनीपिगवरील प्रयोगांतून दाखवून दिले की जंतू ऊतीत शिरण्यापूर्वी किंवा त्याच सुमारास प्रतिजैविक तेथे हजर असेल तर ते उत्तम काम करते, पण जंतू शिरून तीन तास झाल्यावर दिलेल्या औषधाचा परिणाम औषध न दिल्यासारखाच असतो. पुढे १९९२ मध्ये क्लासेन आणि सहकाऱ्यांनी २,८४७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. छेदाआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के रुग्णांना जखमेचा संसर्ग झाला होता. त्याहून आधी मिळालेल्यांत हे प्रमाण ३.८ टक्के होते, आणि छेदानंतर तीन तास उलटून गेल्यावर मिळालेल्यांत ३.३ टक्के. म्हणजे फार लवकर दिलेले औषध आणि फार उशिरा दिलेले औषध जवळपास सारखेच निकामी ठरले होते.

याचे कारण साधे आहे. सेफाझोलिनचे रक्तातील प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. सव्वासहाचे औषध अकरा वाजेपर्यंत पाव हिश्श्याहूनही कमी उरते. त्यातून रक्तपुरवठा मुळातच तोकडा असलेल्या पायात औषधही तोकडेच पोचते, आणि शल्यविशारदाने धमनीला चिमटा लावल्यावर त्यापुढील भागात नव्याने औषध जाणे जवळजवळ थांबते. त्यामुळे छेदाआधीच्या साठ मिनिटांत औषध शिरेतून गेले पाहिजे, असा आता सर्वमान्य नियम आहे. व्हॅन्कोमायसिन हे दुसरे प्रतिजैविक मात्र हळूहळू थेंबाथेंबाने द्यावे लागते, नाहीतर अंग लाल होऊन रक्तदाब उतरतो, म्हणून ते छेदाआधी दोन तासांच्या आत सुरू करतात. प्रौढाला सेफाझोलिनचा डोस दोन ग्रॅमचा असतो आणि वजन १२० किलो किंवा त्याहून अधिक असेल तर तीन ग्रॅमचा. शस्त्रक्रिया चार तासांपलीकडे लांबली किंवा दीड लिटरहून अधिक रक्त गेले, तर तो मध्येच पुन्हा द्यावा लागतो. महाधमनीच्या शस्त्रक्रियेत या दोन्ही गोष्टी काही दुर्मीळ नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी सुरक्षा-तपासणी यादी आणली, तिच्यात छेदापूर्वी सर्वांसमक्ष विचारायचा एक प्रश्न असा आहे : गेल्या साठ मिनिटांत प्रतिजैविक दिले आहे का? माझ्या उमेदवारीच्या काळात ही यादी नव्हती. त्या काळातील एक प्रसंग मी विसरू शकलेलो नाही. घाईत सुरू झालेल्या एका शस्त्रक्रियेत जांघेतील छेद घेऊन झाला होता, धमनी हाताशी आली होती, आणि तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले की औषध भरलेली सिरिंज भुलीच्या ट्रेमध्ये तशीच पडून आहे. औषध लगेच दिले गेले. त्या रुग्णाची जांघेतील जखम पुढे चिघळली आणि भरून यायला कित्येक आठवडे लागले. एका रुग्णावरून कारण सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. तरीही तेव्हापासून भूलतज्ज्ञांनी औषधाचे नाव आणि दिल्याची वेळ मोठ्याने उच्चारल्याशिवाय आणि सिस्टरांनी ती फळ्यावर लिहिल्याशिवाय मी सुरी हातात घेत नाही.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाच्या पायात कृत्रिम ग्राफ्ट बसवला. त्यांना फक्त पहिल्या दिवशी प्रतिजैविक दिले आणि बंद केले. शेजारच्या खाटेवरील रुग्णाला मात्र सात दिवस इंजेक्शने चालू होती. जखमेत निचऱ्याची नळी असतानाही आमच्या डॉक्टरांनी औषध थांबवले. आम्हाला निष्काळजीपणाची शंका येते.

उत्तर : आपली काळजी समजते, परंतु आपण ज्याला निष्काळजीपणा म्हणता ती येथे योग्य शिस्त आहे. शेजारच्या रुग्णाला आधीपासून संसर्ग असेल तर त्यांचे सात दिवस उपचाराचे असतील. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिची तुलना आपल्या भावाशी करता येणार नाही.

जखम शिवून झाली की बाहेरून जंतू आत येण्याचा मुख्य काळ संपतो. जे आत यायचे ते येऊन गेलेले असतात, आणि त्या वेळी ऊतीत औषध असेल तर त्यांचा निकाल लागलेला असतो. त्या वेळी औषध नसेल तर नंतरचे सात दिवस ती उणीव भरून काढत नाहीत. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेतील उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या ग्रंथालयात प्रसिद्ध झाला. त्यात प्रतिबंधक प्रतिजैविकाने जखमेच्या संसर्गाचा धोका सुमारे तीन चतुर्थांशाने कमी होतो असे दिसले, परंतु ते चोवीस तासांपलीकडे चालू ठेवण्याचा अधिक फायदा आढळला नाही. शस्त्रक्रिया संपल्यावर निव्वळ प्रतिबंधासाठी प्रतिजैविक लांबवू नये, आणि निचऱ्याची नळी आहे एवढ्या कारणावरूनही लांबवू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ मधील मार्गदर्शिका सांगते.

‘फायदा नसेल, पण तोटा तरी काय?’ असे पुष्कळ नातेवाईक विचारतात. तोटा आहे, आणि तो मोजलेला आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांमधील ७९,०५८ शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत रक्तवाहिन्यांवरील शस्त्रक्रियाही होत्या. प्रतिबंधक औषध जितके अधिक दिवस चालले, तितके मूत्रपिंडाला इजा होण्याचे आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल या जंतूमुळे होणाऱ्या जुलाबाचे प्रमाण वाढत गेले. जखमेचे संसर्ग मात्र कमी झाले नाहीत. धमन्यांच्या रुग्णांची मूत्रपिंडे बहुधा आधीच मधुमेहाने आणि रक्तदाबाने नाजूक झालेली असतात, त्यांत अँजिओग्राफीच्या औषधाचा भार पडलेला असतो. त्यांच्यासाठी हा धोका कागदावरचा नाही. शिवाय लांबवलेल्या औषधाखाली तग धरून राहतात ते न मरणारे जंतू, आणि पुढे खरोखर संसर्ग झाला तर गाठ त्यांच्याशीच पडते.

प्रश्न : लहानपणी पेनिसिलिनच्या इंजेक्शनानंतर माझ्या अंगावर पुरळ आले होते. आता मानेच्या धमनीची शस्त्रक्रिया ठरली आहे. मला सेफाझोलिन चालेल का?

उत्तर : ही माहिती आपल्या भूलतज्ज्ञांना अवश्य द्यावी, आणि शक्य तितक्या तपशिलाने द्यावी : पुरळ किती वेळाने आले, ओठ किंवा घसा सुजला होता का, श्वास अडकला होता का, कातडी सोलली गेली होती का. नुसते ‘अ‍ॅलर्जी आहे’ एवढेच लिहिले गेले तर पुष्कळदा उत्तम औषध बाजूला ठेवून दुय्यम औषध दिले जाते. स्वतःला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे असे सांगणाऱ्या दहा जणांतील नऊ किंवा त्याहून अधिक जणांना तपासणीअंती ती नसल्याचे आढळते. त्यातही सेफाझोलिनच्या रेणूची उपशाखा पेनिसिलिनपेक्षा वेगळी असल्याने पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनाही ते बहुतांशी सुरक्षित असते. पूर्वीची प्रतिक्रिया खरोखर गंभीर असेल तर व्हॅन्कोमायसिन किंवा क्लिंडामायसिन हे पर्याय आहेत. निर्णय आपल्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे, मात्र तो आपण दिलेल्या माहितीवर अवलंबून असेल.

प्रश्न : माझ्या यजमानांच्या बायपासला बारा दिवस झाले. जांघेतील पट्टी रोज ओली होते. पाणी पिवळसर, पातळ आहे, वास नाही. घरात शिल्लक असलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

उत्तर : ताई, गोळ्या सुरू करू नका, पण थांबूही नका. हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता शल्यविशारदांकडे जावे, असे आपल्याला पत्राने आधीच कळवले आहे.

जांघ ही रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेतील सर्वांत नाजूक जागा आहे. तेथे त्वचेची घडी असते, घाम साचतो, शौचाची व लघवीची जागा जवळ असते, आणि धमनीच्या वाटेवरच लसिकाग्रंथींचा (लिम्फ नोड्सचा) पुंजका असतो. त्यातील बारीक वाहिन्या कापल्या गेल्या की आपण वर्णन केले तसे पातळ, पिवळसर पाणी झिरपत राहते. ते लसिकाद्रव असेल तर तो अजून संसर्ग नाही. परंतु ओली राहिलेली वाट जंतूंना आत जाण्याची वाटही ठरू शकते, आणि आत खाली ग्राफ्ट आहे. डॉक्टर जखम पाहतील, गरज वाटल्यास द्रवाचा नमुना तपासायला पाठवतील आणि सोनोग्राफीने ग्राफ्टभोवती पाणी साचले आहे का ते बघतील. घरच्या गोळ्या आधीच पोटात गेल्या तर नमुन्यात जंतू उगवत नाहीत, आणि नेमके औषध निवडण्याची संधी हातची जाते.

कडा लाल व गरम होणे, पाणी गढूळ होणे, थंडी वाजून ताप येणे, जखमेखाली धडधडणारी गाठ लागणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी जावे. ताजे लाल रक्त थोडे जरी आले तरी हाताने घट्ट दाब देऊन थेट तातडीच्या विभागात न्यावे. पहिले थोडेसे रक्त ही पुष्कळदा मोठ्या रक्तस्रावाची पूर्वसूचना असते.

प्रश्न : मला मधुमेह आहे, पायाच्या अंगठ्यावर चिघळलेली जखम आहे आणि त्याच पायाची बायपास करायची आहे. मलाही एकच डोस पुरेल का? शस्त्रक्रियेआधी मी स्वतः काय करावे?

उत्तर : आपल्याला एक डोस पुरणार नाही, कारण आपल्या पायात जंतू आधीच आहेत. त्यावरचे औषध हा उपचार आहे. तो जखमेतील नमुन्यात कोणते जंतू उगवतात ते पाहून निवडला जाईल आणि शस्त्रक्रियेनंतरही चालू राहील. छेदाआधीच्या तासातील डोसाची वेळ मात्र आपल्यासाठीही तीच आहे. वॉर्डात एखादे प्रतिजैविक चालू आहे म्हणून तो गाळला जातो, असे होऊ नये.

आपल्या हातातील गोष्टींपैकी सिगारेट किंवा विडी ओढत असाल तर ती आजच सोडणे, रक्तातील साखर ताब्यात आणणे आणि शस्त्रक्रियेपूर्वी साबणाने स्वच्छ स्नान करणे या महत्त्वाच्या आहेत. जांघेतील केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत, कारण वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात. काढायचेच असतील तर रुग्णालयात क्लिपरने काढतील. नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस आहे का याची तपासणी होत असेल तर ती करून घ्यावी. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हे जंतू नाकात असलेल्या रुग्णांना म्युपिरोसिनचे मलम आणि क्लोरहेक्सिडिनचे स्नान दिल्यावर त्या जंतूंचे संसर्ग ७.७ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले होते.

प्रश्न : व्हेरिकोज व्हेन्ससाठी लेझर आणि पायाच्या धमनीत फुग्याने केलेली अँजिओप्लास्टी, यांतही प्रतिजैविक द्यावे लागते का?

उत्तर : सहसा नाही. सुईच्या छिद्रातून होणाऱ्या या उपचारांत संसर्गाचा धोका मुळातच फार कमी असतो. महाधमनीच्या फुगवट्यासाठी आतून बसवल्या जाणाऱ्या, कापडाचे अस्तर असलेल्या स्टेंट-ग्राफ्टची गोष्ट निराळी आहे. तेथे प्रतिजैविक दिलेच जाते.

प्रश्न : माझ्या पायात तीन वर्षांपूर्वी डेक्रॉनचा ग्राफ्ट बसवला आहे. आता दाढ काढायची आहे. हृदयाच्या कृत्रिम झडपेच्या रुग्णांप्रमाणे मलाही आधी प्रतिजैविक घ्यावे लागेल का?

उत्तर : केवळ पायातील ग्राफ्टसाठी सरसकट घेण्याची शिफारस नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००३ मध्येच तसे नमूद केले आहे. दाढेखाली पू असेल तर त्याचा उपचार लवकर आणि पूर्ण करून घ्यावा, आणि ग्राफ्ट असल्याचे दंतवैद्यांना सांगावे. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असल्यास तीही त्यांना दाखवावी, परंतु ती स्वतःहून बंद करू नये.